हात न लावता पाइपची नाडीपरीक्षा

९ ऑगस्ट २००४ ची दुपार. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरील मिहामा येथील अणुविद्युत केंद्रात तिसरा संच चालू होता. थोड्याच दिवसांत तो ठरलेल्या तपासणीसाठी बंद व्हायचा होता आणि टर्बाइनच्या इमारतीत कामगार त्याची पूर्वतयारी करीत होते. तीन वाजून गेले होते. एवढ्यात तेथील एक मोठा पाइप फाटला. त्यातून वाहणारे पाणी सुमारे १४० अंश सेल्सिअस तापमानाचे होते. दाबाखाली होते म्हणूनच ते पाणी राहिले होते. दाब सुटताच त्याची वाफ झाली आणि ती कामगारांच्या अंगावर आली. अकरा जण भाजले. त्यांपैकी पाच जणांचा मृत्यू झाला.

हे पाणी किरणोत्सर्गी नव्हते. अणुभट्टीतही काही बिघाड नव्हता. दोष होता तो एका साध्या पोलादी पाइपचा. ५६ सेंटिमीटर व्यासाच्या या पाइपची भिंत मुळात १० मिलिमीटर जाड होती. प्रवाह मोजण्यासाठी त्यात मध्यभागी भोक असलेली एक चकती बसवलेली होती. चकतीच्या पुढच्या भागात पाण्याला भोवरे पडत आणि पोलादावरचा ऑक्साइडचा संरक्षक थर विरघळत राही. १९७६ साली संच सुरू झाल्यापासून हे हळूहळू चालले होते. पाइप फुटला तेव्हा काही जागी भिंतीची जाडी दीड मिलिमीटरसुद्धा उरली नव्हती. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नव्हते.

आतून झिजलेला पाइप बाहेरून कसा ओळखायचा? तो कापून पाहता येत नाही. पुष्कळदा त्याला हातही लावता येत नाही, कारण तो तापलेला असतो. अशा पाइपची नाडीपरीक्षा ध्वनीच्या साहाय्याने कशी करतात, आणि ती करण्याआधी कागदावर केवढे गणित मांडावे लागते, ते या लेखात पाहू या.

माठ वाजवून घ्यावा

उन्हाळ्यात माठ विकत घ्यायला गेलात तर आजी काय करते ते आठवा. ती माठाला टिचकी मारते. आवाज खणखणीत आला तर माठ पक्का. बद्द आला तर कोठेतरी तडा आहे. डोळ्यांना न दिसणारी चीर कानाला ऐकू येते. टिचकीने माठात कंपने निर्माण होतात, ती सगळ्या माठातून फिरतात आणि वाटेतल्या चिरेची बातमी आपल्यापर्यंत आणतात.

पोलादी पाइपलाही टिचकी मारता येईल. पण दोन-तीन मिलिमीटरचा दोष त्या आवाजात सापडणार नाही. का, ते तरंगलांबीच्या सूत्रावरून कळेल. तरंगलांबी म्हणजे वेग भागिले कंप्रता (एका सेकंदातील कंपनांची संख्या). पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर असतो. कंप्रता १,००० असेल तर तरंगलांबी ५.९ मीटर येते. एवढ्या लांब लाटेला लहानसा खड्डा जाणवतही नाही. समुद्राच्या मोठ्या लाटेला पाण्यातली काठी जाणवत नाही, तसेच हे. तरंगलांबी खड्ड्याएवढी लहान हवी असेल तर कंप्रता वाढवायला हवी. ती सेकंदाला २० लाख केली की तरंगलांबी सुमारे ३ मिलिमीटर होते. आता काम जमेल. पण हा ध्वनी आपल्याला ऐकू येणार नाही. माणसाचा कान सेकंदाला फार तर २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकतो. त्यापलीकडच्या ध्वनीला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात.

धातूतील दोष शोधण्यासाठी श्राव्यातीत ध्वनी वापरावा, ही कल्पना रशियन शास्त्रज्ञ सोकोलोव्ह यांनी १९२८ साली मांडली. पुढे अमेरिकेत फायरस्टोन यांनी १९४० च्या सुमारास प्रतिध्वनीवर चालणारे उपकरण तयार केले. त्याचे तत्त्व अगदी सोपे आहे. पाइपच्या बाहेरच्या बाजूने ध्वनीचा एक छोटा ठोका आत सोडायचा. तो आतल्या पृष्ठभागावर आपटून परत येतो. जाऊन येण्यास लागलेला वेळ मोजायचा. १० मिलिमीटर जाडीच्या भिंतीत जाऊन-येऊन २० मिलिमीटर अंतर होते. त्याला सुमारे ३.४ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या ३.४ पट वेळ लागतो. भिंत झिजून दीड मिलिमीटर झाली असेल तर प्रतिध्वनी अवघ्या अर्ध्या मायक्रोसेकंदात परततो. विजेच्या उपकरणांना हा फरक सहज टिपता येतो.

हवेचा अडसर

तुमच्यापैकी कोणी सोनोग्राफी पाहिली असेल. डॉक्टर उपकरण पोटावर टेकवण्यापूर्वी तेथे जेली लावतात. पाइपची तपासणी करणारा तंत्रज्ञही असेच करतो. उपकरण आणि पाइप यांच्यामध्ये तो जेली, तेल किंवा पाणी घालतो. हे कशासाठी? दोहोंमध्ये हवेचा पातळ पापुद्राही राहू नये म्हणून.

ध्वनी एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना त्याचा काही भाग परत फिरतो. किती, हे प्रत्येक माध्यमाच्या एका गुणावर ठरते. माध्यमाची घनता आणि त्यातील ध्वनीचा वेग यांचा गुणाकार म्हणजे हा गुण. त्याला ध्वनि-संरोध म्हणतात. हवेची घनता घनमीटरला सुमारे १.२ किलोग्रॅम आणि ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर. गुणाकार सुमारे ४०० येतो. पोलादाची घनता ७,८०० आणि वेग ५,९००. गुणाकार सुमारे ४ कोटी ६० लाख! दोन संरोधांत इतकी तफावत असली की जवळजवळ सगळा ध्वनी सीमेवरूनच माघारी फिरतो. हिशेब केला तर हवेतून पोलादात शिरणारी ऊर्जा एक लाख भागांतील सुमारे साडेतीन भाग एवढीच भरते. प्रतिध्वनीला पोलादातून पुन्हा हवेत यायचे असते, तेथेही हाच कर भरावा लागतो. म्हणजे दोन्ही वेळचा मिळून शंभर कोटी भागांतील जेमतेम सव्वा भाग हाती लागतो.

हवेऐवजी पाणी असेल तर? पाण्याचा संरोध सुमारे १५ लाख. एका वेळी सुमारे १२ टक्के ऊर्जा पार होते आणि दोन्ही वेळचा मिळून शेकडा सव्वा ते दीड भाग उरतो. हवेपेक्षा ही रक्कम सुमारे एक कोटी पट मोठी आहे. जेलीच्या त्या लहानशा थराचे मोल आता तुमच्या ध्यानात आले असेल.

मग जेलीच का वापरू नये? वापरतातच, पण ती सगळीकडे चालत नाही. तापलेल्या पाइपवर साधी जेली वाळून जाते. कारखान्यात नुकत्याच घडवलेल्या नळ्या तर तांबड्यालाल असतात आणि वेगाने पुढे सरकत असतात. शिवाय जेली लावून एकेक बिंदू तपासायचा म्हटले तर मैलोगणती पाइप तपासून कधी होणार? म्हणून शास्त्रज्ञांनी पाइपला न शिवता त्याच्यात ध्वनी निर्माण करण्याचे मार्ग शोधले.

धातूलाच बोलते करणे

यातला पहिला मार्ग तुमच्या पाठ्यपुस्तकातूनच निघतो. विद्युत्‌प्रवाह वाहणारी तार चुंबकीय क्षेत्रात ठेवली तर तिच्यावर बल येते. फ्लेमिंगच्या डाव्या हाताच्या नियमाने त्याची दिशा तुम्ही काढता. विजेची मोटर याच तत्त्वावर फिरते. आता पाइपच्या पृष्ठभागाजवळ एक शक्तिमान चुंबक ठेवा आणि चुंबक व पाइप यांच्यामध्ये तारेचे एक चपटे वेटोळे धरा. वेटोळ्यातून सेकंदाला सुमारे २० लाख वेळा दिशा बदलणारा प्रवाह थोडा वेळ सोडा. वेटोळे पाइपला चिकटलेले नाही. तरीही प्रवर्तनामुळे पाइपच्या पृष्ठभागातील पातळ थरात आवर्त प्रवाह सुरू होतात. हे प्रवाह चुंबकीय क्षेत्रात आहेत, म्हणून त्यांच्यावर बल येते आणि ते सेकंदाला २० लाख वेळा दिशा बदलते. पृष्ठभाग थरथरू लागतो. झाले, ध्वनी जन्मला, आणि तो थेट धातूच्या आत! हवा ओलांडण्याचा प्रश्नच उरला नाही.

प्रतिध्वनी ऐकण्यासाठी हेच नाटक उलट्या क्रमाने चालते. परत आलेला ध्वनी पृष्ठभागाला हलवतो. चुंबकीय क्षेत्रात धातू हलला की त्यात प्रवाह निर्माण होतो आणि त्या प्रवाहाची चाहूल वेटोळ्याला लागते. एका बाजूने मोटर, दुसऱ्या बाजूने जनित्र! रंगाच्या थरावरूनही हे उपकरण चालते. मात्र त्याचा आवाज क्षीण असतो आणि अंतर वाढताच तो झपाट्याने कमी होतो. त्यामुळे ते पृष्ठभागापासून एखाद-दोन मिलिमीटरवरच ठेवावे लागते.

अधिक दूर राहायचे असेल तर लेसर वापरतात. लेसरचा अत्यंत अल्पकालीन झोत पाइपवर पडला की त्या ठिपक्यापुरता धातू एकदम तापतो आणि प्रसरण पावतो. हे प्रसरण इतक्या झटक्यात होते की त्यातून ध्वनिलहरी निघतात. अमेरिकेतील आर. एम. व्हाइट यांनी अशा एकाएकी तापण्याने लहरी कशा उत्पन्न होतात, हे १९६३ साली दाखवले. प्रतिध्वनी ओळखण्यासाठी दुसऱ्या लेसरचा प्रकाश पृष्ठभागावर टाकतात आणि प्रकाशाच्या व्यतिकरणावरून पृष्ठभागाची हालचाल मोजतात. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील शास्त्रज्ञांनी या शतकाच्या आरंभी हीच रीत अमेरिकेतील एका पोलाद कारखान्यात नेली. तेथे जवळजवळ १,००० अंशांना तापलेल्या, सरकत्या नळ्यांच्या भिंतीची जाडी मोजता येऊ लागली. अशा नळीला हात लावण्याचा विचार तरी कोण करील?

पाइपमध्ये लहरींची गर्दी

आतापर्यंत आपण असे धरले की एक ठोका जातो आणि एक प्रतिध्वनी येतो. भिंत सरळ असेल आणि ध्वनी आरपार जात असेल तर हे खरे आहे. परंतु पाइपच्या लांबीच्या दिशेने लहर सोडली की प्रकरण गुंतागुंतीचे होते. ती आतल्या व बाहेरच्या पृष्ठभागांवर आळीपाळीने आपटत, दोहोंच्या मधून वाट काढत जाते. जणू बोळातून धावणारा मुलगा दोन्ही भिंतींना हात लावत चालला आहे. अशा लहरी एका जागेवरून दहा-वीस मीटरचा पाइप तपासू शकतात. हा त्यांचा फार मोठा फायदा. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये १९९० नंतरच्या दशकात या लहरींवर पुष्कळ काम झाले. वेष्टण एकाच जागी थोडेसे काढायचे आणि बाकीच्या वेष्टणाखालचा गंज तेथूनच शोधायचा, असे त्यामुळे साधले.

पण पाइपमध्ये अशा लहरींचे एक कुटुंबच असते. काही लहरी पाइपला लांबीच्या दिशेने ताणतात व दाबतात, काही त्याला पिळतात, तर काही वाकवतात. त्यांतील बहुतेकींचा वेग कंप्रतेनुसार बदलतो. त्यामुळे एकत्र निघालेला ठोका पुढे पसरट होत जातो. शाळा सुटल्यावर फाटकातून एकदम निघालेली मुले अर्ध्या मैलावर कशी विखुरलेली असतात, तसेच. प्रत्येक सांधा, प्रत्येक वळण आणि प्रत्येक गंजलेली जागा यांचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. उपकरणाच्या पडद्यावर दिसते ती एक वेडीवाकडी रेघ. तिच्यातला कोणता उंचवटा निरुपद्रवी सांध्याचा आणि कोणता घातक खड्ड्याचा?

येथे गणित मदतीला येते. सपाट पत्र्यातील लहरींचे गणित इंग्लंडमधील होरेस लँब यांनी १९१७ साली सोडवले होते. पोकळ नळीतील लहरींचे संपूर्ण गणित डेनॉस गॅझिस यांनी १९५९ साली प्रसिद्ध केले. त्यावरून कोणत्या कंप्रतेला कोणत्या लहरी निघतील आणि त्या किती वेगाने जातील हे कळते. पाइपला पिळणारी सर्वांत साधी लहर मात्र सर्व कंप्रतांना एकाच वेगाने, सेकंदाला सुमारे ३,२०० मीटरने जाते. तिचा ठोका पसरत नाही. तपासणीसाठी ती इतकी पसंत केली जाते याचे हेच कारण आहे.

पण हे गणित निर्दोष, एकसारख्या नळीचे आहे. वेड्यावाकड्या खड्ड्याचे काय? त्यासाठी संगणकात पाइपची प्रतिकृती तयार करावी लागते.

चौकटींच्या वहीतील लहर

ही प्रतिकृती कशी असते हे समजण्यास संगणक लागत नाही. चौकटींची वही घ्या आणि पेन्सिल घेऊन बसा.

एका ओळीत शेजारी शेजारी १० घरे आखा. ही १० मिलिमीटर जाडीची भिंत समजा. प्रत्येक घर एक मिलिमीटर पोलादाचे. घरातला आकडा म्हणजे तेथील पोलाद किती सरकले ते. पहिल्या ओळीत पहिल्या घरात १ लिहा, बाकी सर्वत्र ०. दुसऱ्या ओळीत दुसऱ्या घरात १ लिहा, बाकी ०. ठोका एक घर पुढे गेला आहे. तिसऱ्या ओळीपासून पुढे एकच नियम पाळायचा:

नवा आकडा = (आधीच्या ओळीतील डावा शेजारी + उजवा शेजारी) − त्याच घरातील दोन ओळी आधीचा आकडा

डाव्या व उजव्या टोकाच्या घरांना एकेकच शेजारी आहे. नसलेल्या शेजाऱ्याच्या जागी, आधीच्या ओळीतला त्या घराचा स्वतःचाच आकडा धरा. भिंतीचा पृष्ठभाग हवेत मोकळा आहे, हे आपण या नियमाने सांगितले.

आता ओळीमागून ओळ भरत जा. तिसऱ्या ओळीत १ हा आकडा तिसऱ्या घरात येईल, चौथीत चौथ्या घरात. दहाव्या ओळीत तो शेवटच्या घरात पोहोचेल. अकराव्या ओळीत तो तेथेच थांबेल आणि बाराव्या ओळीपासून आपोआप मागे फिरेल! विसाव्या ओळीत तो पहिल्या घरात परत आलेला दिसेल. हाच प्रतिध्वनी. परत फिर, असे तुम्ही त्याला कोठेही सांगितले नव्हते. प्रत्येक घराने फक्त आपल्या शेजाऱ्यांकडे पाहिले, एवढेच.

आता भिंत झिजली असे समजून सहाच घरे घ्या आणि पुन्हा सुरुवात करा. या वेळी ठोका बाराव्या ओळीतच परत येईल. चार घरे कमी झाली आणि प्रतिध्वनी आठ ओळी आधी आला. दुप्पट का, ते तुम्हीच सांगा.

वहीकडून संगणकाकडे

खऱ्या पाइपच्या प्रतिकृतीत हीच कल्पना असते, पण घरे लांबी, जाडी आणि परीघ अशा तिन्ही दिशांना पसरलेली असतात. नियमही थोडे लांबलचक असतात, कारण पोलाद दाबले जाते तसे घसटलेही जाते. घरे किती बारीक हवीत? पोलादात दाबाच्या लहरींखेरीज आडव्या हालचालीच्या लहरीही असतात. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ३,२०० मीटर. सेकंदाला २० लाख कंप्रतेला त्यांची तरंगलांबी १.६ मिलिमीटर येते. एका तरंगलांबीत दहा-पंधरा घरे तरी हवीत, नाहीतर लहरीचा आकारच बिघडतो. म्हणून घर ०.१ मिलिमीटरचे घेऊ. आता १०० मिलिमीटर व्यासाचा, ६ मिलिमीटर जाडीचा, फक्त एक मीटर लांबीचा पाइप घ्या. घरांची संख्या होते सुमारे पावणेदोनशे कोटी! शिवाय घर जितके लहान, तितका एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचा काळही लहान घ्यावा लागतो. येथे तो मायक्रोसेकंदाचा शंभरावा भाग येतो. आडवी लहर एक मीटर जाईपर्यंत तीस हजारांहून अधिक वेळा सगळी घरे नव्याने भरावी लागतात.

म्हणून शास्त्रज्ञ युक्तीने काम करतात. पाइपचा जेवढा भाग निर्दोष आहे तेवढ्यासाठी गॅझिस यांचे गणित वापरतात आणि दोषाच्या आसपासच बारीक घरे आखतात. मग खड्डा कधी खोल, कधी उथळ, कधी अरुंद, कधी रुंद करून प्रत्येक वेळी कोणता प्रतिध्वनी येईल ते काढून ठेवतात. कोणती कंप्रता वापरावी, लेसर आणि वेटोळे कोठे ठेवावे, हेही आधीच ठरते. पुढे खऱ्या पाइपवरून आलेली वेडीवाकडी रेघ या संग्रहाशी ताडून पाहिली की ती वाचता येऊ लागते.

अर्थात कागदावरच्या उत्तरावर तसाच विश्वास ठेवत नाहीत. एका चांगल्या पाइपमध्ये मुद्दाम, मोजून-मापून खाच पाडतात आणि तिचा प्रतिध्वनी प्रत्यक्ष घेऊन पाहतात. गणित व प्रयोग जुळले तरच ती प्रतिकृती पुढच्या कामाला घेतात. जुळले नाहीत तर चूक गणिताची की प्रयोगाची, ते शोधायचे. प्रयोगशाळेत तुम्ही वहीतले उत्तर आणि मोजलेले माप ताडून पाहता, तीच ही शिस्त.

यादीत नसलेला पाइप

आता पुन्हा मिहामाकडे वळू. तुम्ही म्हणाल, त्या काळी भिंतीची जाडी मोजण्याचे साधन नसेल. तसे नव्हते. श्राव्यातीत ध्वनीने जाडी मोजण्याची साधी रीत तेव्हा सर्वत्र रूढ होती आणि त्या केंद्रातील इतर पाइप तिने तपासले जात होते. पण चौकशीत असे आढळले की फुटलेली ती जागा तपासणीच्या यादीतच नव्हती. १९७६ पासून २००४ पर्यंत, अठ्ठावीस वर्षांत तिची जाडी एकदाही मोजलेली नव्हती. अर्ध्या मायक्रोसेकंदात परतणारा प्रतिध्वनी सगळी गोष्ट सांगायला तयार होता. त्याला कोणी विचारलेच नाही.

न शिवता होणाऱ्या तपासणीचे महत्त्व येथेच आहे. तपासणी अवघड आणि वेळखाऊ असली की माणूस मोजक्या जागा निवडतो, आणि निवड आली की चूक आलीच. पाइप चालू असताना, तापलेला असताना, एका जागेवरून लांबवरचे तपासता आले तर जागा सुटण्याची शक्यता कमी होते. त्यासाठीच चुंबक, वेटोळी व लेसर यांची ही खटपट आहे आणि पावणेदोनशे कोटी घरे भरण्याची मेहनतही त्यासाठीच आहे.

तुमची चौकटींची वही उघडी असेलच. आता दहा घरांच्या भिंतीत एखादे घर स्वतःच्या मनाने 'झिजवा' आणि ती वही मित्राच्या हाती देण्याऐवजी, ठोका पहिल्या घरात कोणत्या ओळीत परतला एवढाच आकडा त्याला सांगा. भिंत किती उरली आहे हे त्याला ओळखता आले, तर पाइपच्या नाडीपरीक्षेतला पहिला धडा तुम्हा दोघांनाही आला असे समजा.